पहिल्यांदा सर्व्हरवर फाइल चढवताना

सर्व्हर भाड्याने घेतला, किंवा कामाच्या ठिकाणी कुणी त्यावर खातं उघडून दिलं, की हातात चार गोष्टी येतात: सर्व्हरचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड आणि पोर्ट क्रमांक (सर्व्हरच्या कोणत्या दाराने आत जायचं तो आकडा). आता आपल्या संगणकातलं एक फोल्डर तिकडे न्यायचं असतं. बहुतेक नवखे इथे घाई करतात. आधी सापडेल तो प्रोग्राम उतरवून घेतात, समोर येईल त्या खिडकीत ‘हो’ म्हणतात आणि फाइल तिकडे दिसली की काम झालं असं समजतात.

वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून फाइल सांकेतिक रूपात बदलण्याचं काम प्रोग्राम करतो आणि ते तो उत्तम करतो. त्यात आपण हात घालायची गरज नसते. पण दोन गोष्टी तो आपल्यासाठी करू शकत नाही. पलीकडे आहे तो खरोखर आपलाच सर्व्हर आहे का, हे आपणच बघायचं असतं; आणि आपली किल्ली (पासवर्डऐवजी वापरायची एक गुप्त फाइल) कुणाच्या हाती लागू द्यायची नाही, हेही आपणच सांभाळायचं असतं. फाइल पाठवताना होणारे बरेचसे घोटाळे या दोन ठिकाणीच होतात, म्हणून या लेखात त्यांना जास्त जागा दिली आहे.

एक सूचना आधीच देतो. खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या छोट्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

आधी प्रोटोकॉल ठरवा

प्रोटोकॉल म्हणजे दोन संगणकांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत. फाइल पाठवण्याची सगळ्यात जुनी आणि अजूनही ठिकठिकाणी चालू असलेली पद्धत म्हणजे एफटीपी, फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल. तिचा पहिला आराखडा अभय भूषण यांनी १९७१ साली एमआयटीत असताना लिहिला. तेव्हाच्या जाळ्यात संगणक मोजकेच होते आणि ते चालवणारे बहुतेक एकमेकांना ओळखत होते. त्यामुळे एफटीपीत युजरनेम, पासवर्ड आणि फाइल हे सगळं जसंच्या तसं, उघडं जातं. त्याच वायफायवर बसलेला कुणीही, वाहतूक टिपणारा एखादा साधा प्रोग्राम लावून, तुमचा पासवर्ड अक्षर न् अक्षर वाचू शकतो. क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरनी २०२१ मध्ये एफटीपीचा आधार काढून टाकला.

पासवर्ड असे वाटेत टिपले जाण्याचा प्रकार १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यातही घडला. तिथले संशोधक ताटू यलोनेन यांनी त्यानंतर एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकाशी सांकेतिक रूपात बोलायची पद्धत, लिहिलं. एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेट या दूरच्या संगणकावर लॉगिन करायच्या जुन्या पद्धतीचा २३, मधला २२ मोकळा होता. तो त्यांनी मागितला आणि त्यांना मिळाला. आज आपण वापरतो ते एसएफटीपी याच एसएसएचच्या बंदिस्त नळीतून चालतं.

नावांमुळे इथे गोंधळ होतो. एसएफटीपी आणि एफटीपीएस या वेगळ्या गोष्टी आहेत. एफटीपीएस म्हणजे जुनं एफटीपीच, वरून टीएलएसचं, म्हणजे वाहतूक सांकेतिक करणाऱ्या पद्धतीचं, संरक्षण चढवलेलं. एसएफटीपी हा मुळातच निराळा प्रोटोकॉल आहे. तुम्हाला मिळालेला पोर्ट २२ असेल तर बहुधा एसएफटीपी आहे. २१ असेल तर साधं एफटीपी किंवा एफटीपीएस. सर्व्हर देणाऱ्याला सरळ विचारा, ‘एसएफटीपी चालू आहे का?’ असेल तर तेच वापरा. फक्त एफटीपीएसच मिळत असेल तर फाइलझिला या फाइल पाठवायच्या प्रोग्रामच्या साइट मॅनेजरमध्ये एन्क्रिप्शनच्या (सांकेतिक रूप देण्याच्या) यादीत ‘उपलब्ध असल्यास वापरा’ अशा अर्थाचा पर्याय आधीच निवडलेला असू शकतो. तो बदलून ‘रिक्वायर’ म्हणजे सक्तीचा पर्याय निवडा. पहिल्या पर्यायात सर्व्हरने टीएलएस दिलं नाही तर पासवर्ड उघडा जाऊ शकतो. नुसतं साधं एफटीपीच मिळत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: सर्व्हर बदला.

कोणता प्रोग्राम

विंडोजवर विनएससीपी किंवा फाइलझिला, मॅक आणि लिनक्सवर फाइलझिला. नवख्यासाठी दोन्ही पुरेसे आहेत आणि दोन्ही फुकट मिळतात. टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीची, सवय असेल तर वेगळं काही बसवायची गरज नाही. मॅक आणि लिनक्सवर एसएफटीपीची आज्ञा बहुधा आधीपासूनच असते आणि विंडोज १० मध्येही २०१८ पासून ओपनएसएसएच, म्हणजे एसएसएचच्या आज्ञांचा फुकट मिळणारा संच, आलं आहे.

मात्र प्रोग्राम उतरवताना सर्च इंजिनमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका. या दोन्ही प्रोग्रामच्या विषारी नकला याआधी पसरवल्या गेल्या आहेत. दिसायला हुबेहूब, चालायलाही व्यवस्थित, आणि मागच्या मागे पासवर्ड चोरून नेणाऱ्या. प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता नीट वाचून तिथूनच घ्या.

पहिली जोडणी: ठसा पडताळा

प्रोग्राममध्ये नवी साइट तयार करा, प्रोटोकॉल एसएफटीपी निवडा, पत्ता, पोर्ट आणि युजरनेम भरा. जोडणीचं बटण दाबलं की पहिल्या वेळी एक खिडकी उघडते. हा सर्व्हर ओळखीचा नाही, त्याच्या किल्लीचा ठसा असा असा आहे, विश्वास ठेवायचा का, असा तिचा प्रश्न असतो. ‘एसएचए२५६’ या शब्दानंतर अपूर्णविराम आणि पुढे ४३ अक्षरांची अर्थहीन दिसणारी ओळ.

ती ओळ अर्थहीन नाही. प्रत्येक सर्व्हरजवळ स्वतःची किल्ली असते आणि ही ओळ म्हणजे तिच्या बोटाचा ठसा, फिंगरप्रिंट. मध्येच कुणी स्वतःचा संगणक घुसवून ‘मीच तुमचा सर्व्हर’ म्हणाला, तर तुमचा प्रोग्राम त्याच्याशीही तितक्याच इमानाने सांकेतिक भाषेत बोलेल. नळी बंदिस्तच असेल, फक्त तिचं दुसरं टोक चोराच्या घरात असेल. हे ओळखायची एकमेव संधी म्हणजे ही पहिली खिडकी, आणि जवळजवळ सगळे जण ती न वाचता बंद करतात.

खरा ठसा दुसऱ्या वाटेने मिळवायचा, ज्या वाटेने आपण जोडणी करतोय तिने नव्हे. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांपैकी काही जण आपल्या नियंत्रण पानावर तो छापतात. कामाच्या ठिकाणचा सर्व्हर असेल तर तो सांभाळणाऱ्याला फोन करून विचारा. सर्व्हर तुमचाच असेल आणि नियंत्रण पानावर ब्राउझरमधून उघडणारी कन्सोल, म्हणजे सर्व्हरला आज्ञा द्यायची खिडकी, असेल, तर तिथे एसएसएच-कीजेन ही आज्ञा ‘एल’ आणि ‘एफ’ या पर्यायांसह (आज्ञेपुढे आडवी रेघ देऊन लिहायची अक्षरं), ईटीसी फोल्डरातल्या एसएसएच फोल्डरमधल्या होस्ट की फाइलवर चालवा. शेवटी ‘डॉट पब’ असलेली फाइल निवडायची. सर्व्हरजवळ बहुधा दोन-तीन प्रकारच्या किल्ल्या असतात: आरएसए, ईसीडीएसए, ईडी२५५१९. खिडकीत ज्या प्रकाराचं नाव असेल त्याच प्रकाराचा ठसा ताडून बघा, नाहीतर दोन खरे ठसे जुळत नाहीत म्हणून उगाच धास्ती बसते.

ताडताना सुरुवातीची आणि शेवटची चार अक्षरं बघून थांबू नका. पूर्ण ओळ बघा. टर्मिनल वापरणाऱ्यांची एक चांगली सोय आहे, जी फारशी कुणाला माहीत नसते: ओपनएसएसएच ८.० पासून, ‘हो की नाही’ या प्रश्नाला ‘हो’ न म्हणता दुसरीकडून मिळवलेला ठसाच तिथे चिकटवता येतो. जुळला तरच जोडणी पुढे जाते. डोळ्यांनी ताडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

एकदा होकार दिला की तो ठसा तुमच्या संगणकावर नोंदला जातो (टर्मिनलवाल्यांसाठी ‘नोन होस्ट्स’ नावाच्या फाइलमध्ये) आणि पुन्हा विचारणा होत नाही. पुढे कधी अचानक ‘सर्व्हरची ओळख बदलली आहे’ असा मोठा इशारा आला तर हात आवरा. सर्व्हर नव्याने बसवला असेल, दुसऱ्या यंत्रावर हलवला असेल, तोच पत्ता वेगळ्या यंत्राला दिला असेल, तरी असा इशारा येतो. आणि कुणी मध्ये शिरलं असेल तरीही येतो. आधी कारण विचारा, नवा ठसा पडताळा, मगच जुनी नोंद काढा. इंटरनेटवर शोधलं तर ‘ही एक आज्ञा चालवा, इशारा जाईल’ एवढंच उत्तर आधी सापडतं. इशारा जातो हे खरंच, पण तो का आला होता हे कळायची वाटही त्याच्याबरोबर जाते.

पासवर्डऐवजी किल्लीची जोडी

पासवर्डने काम भागतं. पण इंटरनेटवर उघड्या असलेल्या कोणत्याही सर्व्हरच्या पोर्ट २२ वर यंत्रं रात्रंदिवस पासवर्डचे अंदाज ठोकत असतात. सर्व्हरची नोंदवही उघडून बघितलीत तर सर्व्हर सुरू केल्याच्या पहिल्या दिवशीच ही रांग दिसेल. किल्लीची जोडी वापरली आणि पासवर्डचं दार बंद केलं, की या ठोकाठोकीला काही अर्थ उरत नाही.

जोडी म्हणजे दोन फाइली. सार्वजनिक किल्ली खरं तर कुलपासारखी समजावी: ती सर्व्हरच्या दाराला लावायची, कुणी बघितली तरी बिघडत नाही. खासगी किल्ली मात्र ते कुलूप उघडणारी. ती तुमच्या संगणकाबाहेर कधीही जायची नाही.

टर्मिनलमध्ये एसएसएच-कीजेन ही आज्ञा द्या. प्रकार निवडायचा झाल्यास ईडी२५५१९ घ्या: किल्ली छोटी, मजबूत आणि चटकन काम करणारी. जुना सर्व्हर ती ओळखत नसेल तर आरएसए ४०९६ बिट. फाइल कुठे ठेवायची याला एन्टर दाबा. मग पासफ्रेज, म्हणजे किल्लीचाच पासवर्ड, विचारला जाईल, तिथे मात्र एन्टर दाबून पुढे जाऊ नका. चार-पाच असंबद्ध शब्दांचं वाक्य द्या. लॅपटॉप चोरीला गेला तर तुमच्या किल्लीच्या आणि चोराच्या मध्ये फक्त हा पासफ्रेज उभा असतो. दर वेळी टाइप करायचा कंटाळा येत असेल तर एसएसएच एजंट हा मदतनीस प्रोग्राम तो एकदा विचारून लॉगिन असेपर्यंत लक्षात ठेवतो.

विंडोजवर खिडक्यांतूनच काम करायचं असेल तर विनएससीपीबरोबर येणारा पुटीजेन हा प्रोग्राम हेच करतो. त्याची फाइल ‘पीपीके’ प्रकारची असते. दुसऱ्या प्रकारची किल्ली दिली तर विनएससीपी स्वतःच ती बदलून घेऊ का असं विचारतो.

आता सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर. माझ्याकडे एकदा एका नवख्या सहकाऱ्याने सर्व्हरवर बसवण्यासाठी म्हणून किल्ली ईमेलने पाठवली. उघडून बघतो तर पहिल्याच ओळीत ‘बिगिन ओपनएसएसएच प्रायव्हेट की’. दोन फाइलींपैकी चुकीची फाइल जोडली गेली होती. त्याची चूक समजण्यासारखी होती, कारण दोन्ही फाइलींचं नाव एकच असतं, फक्त सार्वजनिक फाइलीच्या शेवटी ‘डॉट पब’ असतं, आणि ते शेपूट विंडोज पुष्कळदा लपवून ठेवतं. ती जोडी आम्ही त्याच क्षणी बाद केली आणि नवी बनवली. ईमेल पुसून टाकणं पुरेसं नव्हतं, कारण ईमेलच्या प्रती किती ठिकाणी उरतात हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणून पाठवण्याआधी फाइल उघडून बघा. सार्वजनिक किल्ली एकाच ओळीची असते आणि ‘एसएसएच-ईडी२५५१९’ अशा शब्दाने सुरू होते. अनेक ओळींचा ठोकळा दिसला, वर ‘प्रायव्हेट’ लिहिलेलं दिसलं, की ती फाइल जागची हलवू नका.

मॅक आणि लिनक्सवर एसएसएच-कॉपी-आयडी ही आज्ञा सार्वजनिक किल्ली आपणहून योग्य जागी ठेवते. विंडोजवर ती नसते. तिथे नियंत्रण पानावरच्या ‘एसएसएच कीज’ विभागात ती ओळ चिकटवा, किंवा पासवर्डने एकदा आत जाऊन तुमच्या घरफोल्डरातल्या ‘डॉट एसएसएच’मधल्या ‘ऑथराइज्ड कीज’ या फाइलमध्ये नव्या ओळीत टाका. फोल्डरची परवानगी ७००, फाइलची ६०० (म्हणजे मालकाशिवाय कुणालाही वाचता-लिहिता येत नाही). या परवानग्या सैल असतील तर सर्व्हर किल्लीकडे बघतही नाही आणि मुकाट्याने पासवर्ड मागतो. ‘किल्ली बसवली तरी पासवर्ड विचारतोय’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

पासवर्डचं दार बंद करण्याआधी जुनी जोडणी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीत किल्लीने आत जाता येतं का ते तपासा. आधी बंद केलं आणि किल्ली चालली नाही, तर स्वतःच्याच सर्व्हरबाहेर अडकाल.

प्रत्यक्ष फाइल नेताना

विनएससीपीत आणि फाइलझिलात डावीकडे तुमचा संगणक, उजवीकडे सर्व्हर. डावीकडून उजवीकडे ओढलं की फाइल चढते, उलट ओढलं की उतरते. टर्मिनलमध्ये एसएफटीपी लिहून, जागा सोडून युजरनेम, अॅट चिन्ह आणि सर्व्हरचा पत्ता द्या. आत गेल्यावर ‘पुट’ने चढवा, ‘गेट’ने उतरवा, ‘एलएस’ने सर्व्हरवरची यादी बघा, ‘एलएलएस’ने आपल्या संगणकावरची, ‘बाय’ने बाहेर या. पूर्ण फोल्डर न्यायचं असेल तर ‘पुट’पुढे ‘आर’चा पर्याय.

ओढण्याआधी दोन्ही बाजूंचे मार्ग वाचायची सवय लावा. वेबसाइटचा सर्व्हर असेल तर त्यातलं एक फोल्डर जगाला दिसतं, बहुधा ‘पब्लिक एचटीएमएल’ किंवा तत्सम नावाचं. त्यात आख्खं प्रकल्पाचं फोल्डर ओढलं की डेटाबेसचा पासवर्ड असलेली ‘डॉट एनव्ही’ फाइल आणि कोडमधल्या बदलांच्या नोंदी असलेलं ‘डॉट गिट’ फोल्डरही बरोबर जातं. नावाआधी टिंब असल्याने मॅक आणि लिनक्सवर ती एरवी नजरेला पडत नाहीत, म्हणून निसटतात. मग इतक्या बंदोबस्तात नेलेला पासवर्ड पलीकडे उघड्यावर मांडल्यासारखा होतो. डेटाबेसची बॅकअप फाइल ‘जरा वेळ’ म्हणून तिथे ठेवणं हाही तसलाच प्रकार.

लहान-लहान हजारो फाइली असतील तर एकेक पाठवण्यापेक्षा आधी एका टार किंवा झिप फाइलीत बांधा. प्रत्येक फाइलमागे सर्व्हरशी बोलण्यात जो वेळ जातो तो वाचतो. अर्ध्यात जोडणी तुटली तर ‘रीपुट’ आज्ञेने उरलेला भाग चढवता येतो. चालू साइटवरची महत्त्वाची फाइल आधी वेगळ्या नावाने चढवा आणि पूर्ण झाल्यावर नाव बदला, म्हणजे अर्धवट फाइल कुणाला दिसत नाही. आणखी एक: लिनक्स सर्व्हरला मोठी आणि छोटी इंग्रजी अक्षरं वेगळी वाटतात. तुमच्या विंडोजवर दिसणारं चित्र तिकडे दिसेनासं झालं तर नाव आधी तपासा.

तेच फोल्डर वारंवार पाठवायचं असेल तर आरसिंक शिका. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते १९९६ मध्ये आणलं. फाइलीचा फक्त बदललेला भाग ते एसएसएचच्या नळीतून पाठवतं. पण ‘डिलीट’ हा त्याचा पर्याय जपून. त्याने सर्व्हरवरचं, तुमच्याकडे नसलेलं सगळं पुसलं जातं. मी एकदा तो वापरला तेव्हा सर्व्हरवर लोकांनी चढवलेल्या चित्रांचं फोल्डर माझ्या संगणकावर नव्हतं. काही सेकंदांत ते गेलं. बॅकअप होता, पण आदल्या आठवड्याचा. मधल्या दिवसांची चित्रं परत मिळाली नाहीत. तेव्हापासून ‘डिलीट’ असलेली प्रत्येक आज्ञा आधी ‘एन’ आणि ‘व्ही’ या पर्यायांसह चालवतो. त्यात काही हलत नाही, फक्त काय होणार आहे त्याची यादी मिळते. मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली तर आतला ऐवज जातो, नाही दिली तर फोल्डरसकट जातो, हेही त्या यादीत लगेच कळतं.

पोहोचली ती तीच फाइल का?

वाटेत कुणी फाइलीत बदल केला तर एसएसएच जोडणीच तोडतं. पण अर्धवट चढलेली किंवा चुकून जुनीच चढवलेली फाइल ते ओळखणार नाही. महत्त्वाच्या फाइलीचा दोन्हीकडे एसएचए२५६, म्हणजे तिचा ठसा, काढा. लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’, मॅकवर ‘शासम’ला ‘ए’ पर्यायाने २५६ सांगून, विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’. तिन्हींकडून ६४ खुणांची ओळ मिळते. पॉवरशेल तीच ओळ मोठ्या अक्षरांत दाखवतं, तेवढा फरक धरू नका.

अडलंच तर

‘टाइम आउट’ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचलाच नाहीत: पत्ता चुकला किंवा फायरवॉल आडवी आली. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे यंत्र सापडलं, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. ‘परमिशन डिनाइड’ दोन ठिकाणी येतं. लॉगिनच्या वेळी आलं तर युजरनेम किंवा किल्ली तपासा. आत गेल्यावर फाइल चढवताना आलं तर त्या फोल्डरमध्ये लिहायचा हक्क तुमच्या खात्याला नाही. त्यावर ७७७ परवानगी द्या असा सल्ला कुणी देईल. तो मानू नका, त्याने सर्व्हरवरचं कुठलंही खातं तिथे लिहू शकतं. फोल्डरची मालकी बरोबर करून घ्या. वेबसाइटसाठी सर्वसाधारणपणे फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ पुरतं.

यंत्र हरवलं तर

प्रत्येक संगणकासाठी वेगळी जोडी बनवा. खासगी किल्ली एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेऊ नका. सार्वजनिक किल्लीच्या ओळीच्या शेवटी एक टीप लिहिता येते. तिथे यंत्राचं नाव आणि महिना लिहून ठेवा. फाइलझिलात पासवर्ड साठवत असाल तर मास्टर पासवर्ड लावा, नाहीतर तो त्या संगणकावर जवळजवळ उघडाच पडलेला असतो.

लॅपटॉप हरवला की दुसऱ्या यंत्रावरून सर्व्हरवर जा, ‘ऑथराइज्ड कीज’ उघडा, त्या नावाची ओळ पुसा. बाकीच्या किल्ल्या चालूच राहतात. फक्त लक्षात ठेवा, ओळ पुसली तरी आधीच उघडी असलेली जोडणी त्याने तुटत नाही. ‘हू’ या आज्ञेने शेलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या आज्ञा-खिडकीत, कोण आत आहे ते दिसतं. नुसती एसएफटीपीची जोडणी त्या यादीत येईलच असं नाही, म्हणून ‘पीएस’ या आज्ञेने मिळणाऱ्या चालू प्रक्रियांच्या यादीत एसएसएचडी या सर्व्हरवरच्या एसएसएच प्रोग्रामच्या प्रक्रियाही बघा आणि अनोळखी जोडणी तिथूनच बंद करा.